नकाशेताईंचं मशीन खाली आलं

नकाशेताईंचा उजवा गुडघा तपासून डॉक्टर म्हणाले, "जिने बंद." ताईंनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "गुडघा तुमचा आहे. तो टिकवायचा असेल तर कायमचे." ताई घरी येऊन दोन दिवस गप्प बसल्या. त्यांच्या घरच्यांना हाच गुडघेदुखीपेक्षा मोठा आजार वाटला.

ताई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं नकाशे काढत होत्या. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठे वळतो आणि कुठला व्हॉल्व्ह उलटा बसवलाय, हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त त्या बसायच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हणून नव्या मोठ्या साहेबांनी तळमजल्यावरची एक खोली त्यांना रिकामी करून दिली. पूर्वी तिथे जुनी कागदपत्रं ठेवत. शेजारी लोकांचे अर्ज घ्यायचा काउंटर, खिडकीबाहेर सायकलींची रांग. ताईंनी खोली बघितली, टेबल चार बोटं डावीकडे सरकवायला लावलं आणि म्हणाल्या, "चालेल. आता माझं मशीन आणा."

मशीन आणायचं काम जावयाचं.

त्याला जावई का म्हणायचं, ते आधी सांगितलेलं बरं. दुसऱ्या मजल्यावरचे संगणक आणि त्यांचा सर्व्हर हा माणूस सांभाळायचा. पहिल्या मजल्यावर बसून सगळ्या इमारतीचं नेटवर्क ज्या सांभाळायच्या, त्या त्याच्या सासूबाई. त्या या ऑफिसात सव्वीस वर्षं होत्या, तो चार. तो रीतसर परीक्षा देऊन, पहिल्या नंबराने पास होऊन आला होता. पण हे तो जितक्या वेळा सांगायचा तितके लोक जास्तच मान हलवायचे, "हो हो, परीक्षा देऊनच." म्हणून त्याने पहिल्याच महिन्यात मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी सासूबाईंच्या टेबलाशी मदत मागायला जायचं नाही. घरी त्यांना 'आई' म्हणायचं, ऑफिसात 'मॅडम'. एकदाच, भर मीटिंगमध्ये, त्याच्या तोंडून "आई, पुढचं पान" असं निघून गेलं होतं. ते पान कशाबद्दल होतं ते आज कोणाला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं.

तर सोमवारी सकाळी त्याने ताईंचं मशीन ढकलगाडीवर घालून खाली आणलं, तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

या मशीनच्या पोटात डिस्क नव्हती. सगळे नकाशे एकाच जागी नीट राहावेत म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या मशीनांना डिस्कच दिलेली नव्हती. बटण दाबलं की मशीन नेटवर्कवर हाक मारायचं. त्या हाकेत दोन प्रश्न असायचे, माझा नंबर काय, आणि माझं सामान कोणाकडे आहे. नंबर सासूबाईंची यंत्रणा द्यायची. सामानाचं उत्तर जावयाचा सर्व्हर द्यायचा, आणि मग सगळी कार्यप्रणाली तारेतून ओढून घेऊन मशीन जागं व्हायचं. वर हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं.

खाली काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. नंबर मिळाला. मग टिंबं उमटू लागली, एक, दोन, तीन, दहा. आणि मग ओळ आली की सामान कोणाकडे आहे याचं उत्तर मिळालं नाही.

"काय म्हणतंय?" ताईंनी विचारलं.

"सर्व्हर सापडत नाहीये म्हणतंय."

"माझ्यासारखंच आहे. जागा बदलली की झोप येत नाही, नाहीतर जाग येत नाही."

जावयाने तार बदलली. भिंतीतलं सॉकेट बदललं. वरून दुसरं धडधाकट मशीन आणून लावलं, तेही तसंच टिंबं काढत बसलं. दोन्ही मशीनं वर नेली, दोन्ही अर्ध्या मिनिटात उठली; ताईंचं पुन्हा खाली आणून ठेवलं. शेवटी त्याने आपला लॅपटॉप खाली लावून सर्व्हरला साद घातली. उत्तर नाही. वर जाऊन घातली, लगेच उत्तर. संध्याकाळपर्यंत त्याने सात वेळा जिना चढून-उतरून एक गोष्ट पक्की केली. मशीन चांगलं, सर्व्हर चांगला, दोष मधल्या वाटेत. आणि मधली वाट सासूबाईंची.

या शोधाचा त्याला आनंद झाला आणि तो आनंद पहिल्या मजल्यापर्यंतही टिकला नाही. कारण आता हे त्यांना सांगायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी तो त्यांच्या टेबलापाशी गेला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा उभा राहिला.

"मॅडम, तळमजल्याचं नेटवर्क कसं आहे सध्या?"

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "उत्तम आहे. का?"

"काही नाही. सहज."

"सहज मजला उतरून आलात?"

"खाली चाललोच होतो."

"काही अडलंय का?"

"छे."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या. तो खाली चाललाच होता, त्यामुळे त्याला खाली जावं लागलं.

मंगळवारी सासूबाई लेकीकडे जेवायला यायच्या. जावई त्यांच्याच ऑफिसात लागल्यापासून लेकीने एक नियम घालून दिला होता, जेवताना ऑफिस नाही. पहिले काही दिवस तिने दोघांच्या मध्ये बसून स्विच, केबल आणि साहेबांचे शिक्के ऐकले होते आणि मग ताट वाजवून हा कायदा जाहीर केला होता. त्या दिवशी नवऱ्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "तुला काही होतंय का?"

"नाही. का?"

"मघापासून पाणीच पितोयस."

"भाजी घ्या ना," सासूबाई म्हणाल्या, आणि वाटी पुढे सरकवत पुस्ती जोडली, "सहज."

लेक दोघांकडे बघत राहिली, पण नियम तिचाच असल्यामुळे तिला विचारता येईना.

इकडे ताईंचा धीर सुटत चालला होता. नवीन पाइपलाइनचा नकाशा शुक्रवारी द्यायचा होता. सोमवारी खोदकाम सुरू होणार होतं आणि नेमकं त्याच रस्त्याखाली जुनं दगडी गटार होतं, जे ताईंच्या नकाशाशिवाय कुठेही नोंदलेलं नव्हतं. बुधवारी सकाळी जावई ऑफिसात आला तर ताई जिन्यात. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात चपला.

"ताई, अहो, कुठे चाललात?"

"कामाला," ताई म्हणाल्या. "बोलू नकोस, मोजतेय. सव्वीस." त्यांनी चांगला पाय वर ठेवला, दुखरा मागून ओढून आणला. "सत्तावीस. चव्वेचाळीस आहेत एकूण. एकतीस वर्षांत कधी मोजले नव्हते, तुझ्या कृपेने तेही झालं."

त्यांचं बोलणं नेहमीसारखंच होतं, पण वरचा ओठ घामाने भिजला होता. जावयाला जिन्यातच बसावंसं वाटलं. तो त्यांच्या मागे मागे, पडल्या तर धरता याव्या म्हणून, दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. मग मात्र त्याने जे केलं ते शहाण्या माणसाने करू नये असंच होतं.

तो घरी जाऊन कपाटातला जुना डबा घेऊन आला. घरातल्या इंटरनेटचा, दोन अँटेनांचा. त्या डब्यालाही नंबर वाटता येत होते. सासूबाईंच्या यंत्रणेच्या आधी याच डब्याने ताईंच्या मशीनला नंबर द्यायचा आणि सोबतच सांगायचं की सामान अमुक सर्व्हरकडे आहे, जा आणि घे. म्हणजे कोणाला काही विचारायलाच नको. वाटायला कुठले नंबर घ्यायचे ते त्याने अंदाजाने ठरवलं, डबा ताईंच्या खोलीत कपाटामागे ठेवला आणि मशीन चालू केलं.

नंबर मिळाला. सामानाचा पत्ताही मिळाला. जावयाने मूठ आवळली. पुढची ओळ आली, फाइल मागवत आहे. टिंबं उमटू लागली आणि थांबेचनात. पण सोमवारपेक्षा एक पायरी पुढे गेलं होतं, एवढ्यावर खूश होऊन, सर्व्हर फाइल का देत नाही ते बघायला तो वर पळाला.

त्याची पाठ वळली आणि खाली काउंटरवरच्या मशीनांनी डब्याकडून नंबर घेतले. त्यातल्या एकाला डब्याने जो नंबर दिला तो अर्जांची पोच छापणाऱ्या प्रिंटरचा होता. एकाच नंबरचे दोन धनी झाले. पोच छापायची थांबली. पोच मिळाल्याशिवाय लोक हलेनात, आणि रांग दारापर्यंत गेली. काउंटरवरच्या बाईंनी पहिल्या मजल्यावर फोन लावला.

सासूबाई लॅपटॉप काखेत मारून खाली आल्या. कोणाला काही विचारलं नाही. प्रिंटरचा नंबर कोण वापरतंय ते बघितलं, त्याला तो कोणी दिला ते बघितलं, आणि स्वतःशीच म्हणाल्या, "हा वाटणारा माझा नाही." मग तळमजल्याच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या भिंतीवरच्या स्विचपाशी उभ्या राहून तो कुठल्या तारेवर बसलाय ते शोधलं आणि तार बोटाने धरत धरत ताईंच्या खोलीत, कपाटामागे पोचल्या. डब्यावर लेकीच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती, 'बंद करू नये. माझी मीटिंग असते.'

सासूबाईंनी तो बंद केला.

काउंटर पुन्हा चालू व्हायला एकूण चाळीस मिनिटं गेली. जावयाला वर बातमी लागली आणि तो धावत खाली आला, तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, डबा मांडीवर. समोर नकाशेताई. त्या जेवणाच्या सुट्टीत सावकाश उतरून आल्या होत्या आणि आता कोणी उठवलं असतं तरी उठल्या नसत्या.

"हा ओळखीचा वाटतोय," सासूबाई म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मीच दिला होता तुम्हाला. नवं घर लावलंत तेव्हा."

"हो."

"आवडला नाही का?"

नकाशेताईंना खोकला आला. जावयाने दाराकडे बघितलं, दार लोटलं आणि सोमवारपासूनचं सगळं सांगून टाकलं. सात वेळचे जिने, लॅपटॉपची साद, सगळं. 

"म्हणजे मंगळवारी आलात ते सहज नव्हतं," शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"नव्हतं."

"जावईबापू," त्या म्हणाल्या. ऑफिसात हा शब्द त्यांनी चार वर्षांत उच्चारला नव्हता. "बाईचा गुडघा जिन्यात निखळला तरी चालेल, पण सासूला विचारायचं नाही. असंच ना?"

 ताईंकडे यावर उत्तर होतं, पण त्या शहाण्या होत्या.

"हे बघा," सासूबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "खालचा आणि वरचा मजला हे नेटवर्कचे दोन वेगळे भाग आहेत. मधे राउटर. मशीनची हाक राउटरपाशी येऊन थांबते, ती पलीकडे जात नाही. जाऊ दिली तर सगळ्या इमारतीत नुसता गोंगाट होईल. म्हणून राउटरला सांगावं लागतं, अशी हाक आली की उचल आणि अमुक सर्व्हरकडे पोचती कर. ते मी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, तुमच्या सर्व्हरच्या नंबरासकट. त्यामुळे दोष माझ्याकडे नाही. हे बघा."

त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हा जुन्या सर्व्हरचा नंबर आहे. तो आठ महिन्यांपूर्वी बदलला."

"मला कोणी सांगितलं?"

"मी."

"कधी?"

"जेवताना."

सासूबाई थांबल्या.

"मी नंबर सांगत होतो तेवढ्यात ही म्हणाली, ऑफिस नको. मग तुम्ही—"

"मी मीठ मागितलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आठवलं होतं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, वेळ घेऊन पुसला. आठ महिने त्यांचा राउटर तळमजल्यावरची प्रत्येक हाक इमानेइतबारे उचलून गोदामात पडलेल्या सर्व्हरकडे नेत होता. खाली असं मशीन आजवर कोणी आणलंच नव्हतं, म्हणून कळलं नव्हतं. जावयाने हसू येऊ नये म्हणून खिडकीबाहेरच्या सायकली मोजायला घेतल्या.

त्यांनी जुना नंबर खोडून नवा घातला. मशीन पुन्हा चालू केलं. नंबर मिळाला. टिंबं. टिंबं. उत्तर नाही.

आता सासूबाई ताठ बसल्या. "माझ्याकडून हाक गेली. ही बघा, गेल्याची खूण. आता तुमचा सर्व्हर काय करतो ते वर जाऊन बघा. फोन चालू ठेवा."

तो वर गेला. खाली ताईंनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

"करा चालू," वरून आवाज आला. ताईंनी बटण दाबलं.  मग तो जवळजवळ ओरडलाच, "आई, हाक आली! सर्व्हरने उत्तरही दिलं. एकदा नाही, तीनदा."

"इथे एकही आलं नाही," ताईंनी पडद्याकडे बघून सांगितलं.

सासूबाईंनी 'आई'कडे लक्ष दिलं नाही. "तुमच्या सर्व्हरला आपल्या मजल्याबाहेर पडायचं दार कुठलं सांगून ठेवलंय? नंबर वाचा."

त्याने वाचला.

"ते दार मी गेल्या वर्षी बुजवलं," सासूबाई म्हणाल्या. "तो राउटर भंगारात गेला."

"पण नवा सर्व्हर लावताना मी जुन्याचे आकडे जसेच्या तसे उतरवले होते."

"आणि वरच्या मशीनांसाठी त्याला मजल्याबाहेर पडावंच लागत नाही, म्हणून आजवर निभावलं. मघाशी तुमच्या डब्याने फाइल मागवली तीही म्हणूनच आली नाही. नव्या दाराचा नंबर मी सगळ्यांना मेलने कळवला होता. तुम्हालाही."

"मला मेल आला नाही."

"शोधा."

फोनवर बटणांचा आवाज येत राहिला. मग तो आवाजही थांबला.

"सापडला का?"

"सापडला."

"कुठे होता?"

"तुमचा पत्ता माझ्याकडे 'आई' म्हणून साठवलेला आहे," तो एकेक शब्द मोजून म्हणाला. "त्यामुळे तुमचे मेल आपोआप 'घर' नावाच्या कप्प्यात जातात."

"आणि तो कप्पा तुम्ही उघडत नाही."

"उघडतो. अधूनमधून."

"किती न वाचलेले आहेत?"

"मॅडम, आता आधी दाराचा नंबर बदलतो."

"किती?"

"दोनशे चौदा."

नकाशेताईंनी तोंडावर रुमाल धरला. सासूबाई फोनकडे बघत म्हणाल्या, "डोकेदुखीवरचे उपाय पाठवले होते मी. विचारलं तर म्हणालात, खूप गुण आला."

 मिनिटभराने वरून एवढंच ऐकू आलं, "बदलला. करा चालू."

ताईंनी बटण दाबलं. नंबर मिळाला. सामानाचा पत्ता मिळाला. फाइल मागवत आहे, एक टिंब, दोन टिंबं, आणि पडद्यावर अक्षरांची सरसर सुरू झाली. अर्ध्या मिनिटात ताईंची पाइपलाइन निळ्या रेघेत समोर उभी राहिली, जेवणाच्या सुट्टीआधी वर सोडली होती तशीच. ताईंनी चष्मा चढवला आणि माउस हातात घेतला. "आता दोघं जा बरं," त्या म्हणाल्या. "फार करमणूक झाली. मला काम आहे."

चाळीस मिनिटं काउंटर बंद पडल्याचा लेखी खुलासा मोठ्या साहेबांनी मागवला. साहेब बदलीवर इथे येऊन तीनच आठवडे झाले होते. जावयाने रात्री मनात जुळवाजुळव केली होती की 'तांत्रिक अडचणीमुळे' या दोन शब्दांत भागवता येईल. पण सकाळी सासूबाईंनी आपला कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'सर्व्हरचा बदललेला नंबर मला तोंडी कळवण्यात आला होता, मी तो नोंदवून घेतला नाही.' सव्वीस वर्षांत त्यांनी असं वाक्य लिहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्याने ते वाचलं, आपला कागद फाडला आणि दुसरा लिहिला. डब्यासकट, मेलसकट, सगळं. फक्त कप्प्याचं नाव लिहिलं नाही.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. मग चष्मा खाली ठेवून दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"चुका होतात," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. पण मला यात वेगळंच दिसतंय. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नाही. एकाच इमारतीत काम करता, एक मजला वर, एक मजला खाली. रोज चार शब्द बोलायला काय हरकत आहे? ओळख वाढवा जरा. एखाद्या रविवारी एकमेकांच्या घरी चहाला जा. काय?"

"हो, सर," जावई म्हणाला.

"प्रयत्न करते," सासूबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर दोघं जिन्यापर्यंत चालत गेले. तिथे सासूबाईंना कठड्याला धरून उभं राहावं लागलं. त्यांचे खांदे हलत होते. जावयाने आधी घाबरून बघितलं आणि मग तोही पायरीवरच बसला. वरून उतरणाऱ्या एका कारकुनाने विचारलं, "काय झालं, मॅडम?" त्यांनी हातानेच, काही नाही, जा, अशी खूण केली.

शुक्रवारी दुपारी नकाशा छापून तयार होता. खोदकामाचा मुकादम न्यायला आला, तेव्हा ताईंनी त्याला दगडी गटाराची जागा बोट ठेवून दाखवली आणि त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली. तो गेल्यावर जावई खोलीत डोकावला. मशीन कसं चाललंय म्हणाला.

"मशीन उत्तम आहे," ताई म्हणाल्या. "पण वर बसत होते तेव्हा निदान जिन्यामुळे लोक कमी यायचे. आता जो तो येता-जाता दारात थांबतो आणि गुडघा कसा आहे विचारतो. आत ये किंवा पुढे हो. उजेड अडतोय."

तो आत आला.